४००० ग्राफ्ट एकाच बैठकीत घ्यावेत का? केशरोपणाचा हिशोब, भूल आणि काय काय बिघडतं

पश्चिमघाट

मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत केशरोपणाच्या पाट्या लागल्यात आणि प्रत्येक पाटीवर आकडा ठळक : ३५००, ४०००, ५००० ग्राफ्ट (डोक्याच्या मागून काढून पुढे लावायचे मुळासकट केसांचे पुंजके), तेही एका दिवसात. म्हणून हा धागा. उदाहरण असं धरू : पुरुष, वय ३८, वजन ७० किलो, नॉरवुडची (टक्कल मोजायच्या मापाची) पाचवी पायरी. कपाळाकडचे केस गेले, भोवऱ्यावरचे गेले, मधे नावाला पातळ पट्टी उरली आहे. चार-पाच वर्षांत टक्कल फारसं पुढे सरकलेलं नाही. त्याने ४००० ग्राफ्ट एकाच बैठकीत घ्यावेत की दोनदा टेबलावर झोपावं?

माझं मत दोन बैठकांच्या बाजूचं आहे. हिशोब मांडतो, चुकला तर दुरुस्त करा.

डोक्याच्या मागे आणि कानांच्या वर जो पट्टा म्हातारपणीही टिकतो तो साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा. एका चौरस सेंटिमीटरला ७० युनिटं (एकत्र उगवणारे केसांचे पुंजके; एक काढलं की एक ग्राफ्ट) धरली तर एकूण १४,०००. एका युनिटात एक ते चार केस, सरासरी दोनच्या आसपास. चारातलं एक काढलं तर ३५०० ग्राफ्ट मिळतात आणि मागे बघणाऱ्याला काही कळत नाही. त्यापुढे प्रत्येक शंभराला मागचा भाग विरळ होत जातो. हा ठेवा एकदाच मिळतो, काढलेल्या जागी केस परत येत नाही.

आता पुढचं. पाचव्या पायरीवर उघडं क्षेत्र दीडशे चौ. सेंमी. धरा. पुढच्या ५० ला दर सेंटिमीटरला ४०, मधल्या ५० ला ३० आणि भोवऱ्याला २० ग्राफ्ट दिले तर २००० + १५०० + १००० = ४५००. म्हणजे ४००० ची गरज खोटी नाही. प्रश्न एवढाच की ते एका दिवसात का?

त्वचावैद्यक_मिरज

हिशोब बरोबर आहे, पण त्यातला ७० हा आकडा मोजून आलेला हवा. आपल्याकडे कोणाचा ६० भरतो, कोणाचा ८५. ट्रायकोस्कोप (केस मोठे करून दाखवणारं भिंग) मागच्या भागावर किमान चार ठिकाणी टेकवायचा : मधोमध, दोन्ही बाजूंना, कानाच्या वर. युनिटं मोजायची आणि त्याच वेळी केसांची जाडीही बघायची. मागच्या भागातच पाचातला एक केस बारीक, लवेसारखा होत चाललेला दिसला तर त्या माणसाचं रोपण करायचं नाही. त्याचे केस सगळीकडूनच पातळ होणार आहेत. असा केस उचलून पुढे लावला तरी तो तिथे जाऊन बारीकच होणार.

दुसरं म्हणजे टक्कल कशामुळे आहे ते आधी ठरवा. चाई असेल, किंवा मुळाभोवती लालसर सूज आणि खवले असणारा लायकेन प्लॅनोपिलॅरिस असेल, तर लावलेले केसही त्याच आजाराच्या तोंडी जातात. शंका आली तर ४ मिमीचा तुकडा काढून बायोप्सी. पाहणी न करता फोटोवरून व्हॉट्सॲपवर ग्राफ्टचा आकडा सांगतात तिथे यातलं काहीच झालेलं नसतं.

मधुमालती

एक जोड. ग्राफ्ट आणि केस हे दोन वेगळे आकडे आहेत. ३००० ग्राफ्ट म्हणजे साधारण ६००० केस. काही ठिकाणी '६०००' म्हणून पैसे घेतात आणि कागदावर एकक लिहीतच नाहीत. काही ठिकाणी तीन केसांचं युनिट कापून त्याचे तीन ग्राफ्ट करतात. संख्या वाढते, दाटपणा तेवढाच राहतो आणि कापताना मुळं जखमी होतात ते वेगळंच. बिलावर एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट किती ते वेगवेगळं लिहून मागा. जिथे मोजतात तिथे हा तक्ता तयारच असतो.

अक्कलकाढा

पश्चिमघाट, दोन बैठकांचा आग्रह मला पटत नाही. दोनदा भूल, दोनदा सूज, दोनदा दहा दिवस घरी. शिवाय पहिल्या वेळच्या पंचांमुळे (युनिट गोल कापून काढायच्या बारीक पोकळ नळ्यांमुळे) मागच्या त्वचेखाली वण धरतो, दुसऱ्या वेळी मुळांची दिशा बदललेली असते आणि ती तुटण्याचं प्रमाण वाढतं. हात बसलेला सर्जन तासाला पाचशे ग्राफ्ट सहज काढतो. ४००० ला आठ तास.

ओटी_सिस्टर

अक्कलकाढा, आठ तास फक्त काढण्याचे झाले. लावायचे तास त्यात धरा. चार हातांनी लावले तरी आणखी चार-पाच तास. बारा-तेरा तासांनी चिमटा धरणाऱ्या हाताचं काय होतं ते टेबलाजवळ उभं राहणाऱ्यालाच माहीत असतं.

ग्राफ्ट किती जगतो हे तो बाहेर किती वेळ राहिला यावर ठरतं. ढोबळ हिशोब : बाहेर राहिलेल्या प्रत्येक तासाला शंभरातला एक कमी. पण हा हिशोब ग्राफ्ट थंड आणि ओला असेल तरच. बशीतलं सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट ४ अंशाजवळ हवं, म्हणून बशी बर्फाच्या जेल पॅकवर ठेवतात. ग्राफ्ट त्या द्रावणात पूर्ण बुडालेला हवा. बशीच्या काठाला चिकटलेला किंवा कोरड्या गॉजवर पडलेला ग्राफ्ट दिव्याखाली दोन-तीन मिनिटांत सुकतो. बघितलं तर कळतं : ताजा ग्राफ्ट ओलसर, चमकदार असतो आणि मुळाभोवती चरबीचं पांढुरकं पाणीदार बोंड असतं. सुकलेल्याचं बोंड चपटं पडून केसाला चिकटतं. असा लावला तर उगवत नाही, आणि चार-सहा महिने ते कोणाला समजतही नाही.

धरायचा तोही बोंडाच्या वरच्या चरबीला किंवा कडेच्या पेशीजालाला. मुळाच्या गाठीला चिमटा लागला की संपलं.

तरवा_रत्नागिरी

सिस्टर, हे अगदी भाताच्या लावणीसारखं. तरवा उपटला की मुठी पाण्यात ठेवायच्या, आणि जेवढी लावणारी माणसं तेवढाच उपटायचा. सकाळी सगळा उपटून बांधावर टाकला तर दुपारपर्यंत माना टाकतो. इथेही हजार काढा, हजार लावा, मग पुढचे, असं करत नाहीत का?

ओटी_सिस्टर

करतात, तरवादादा, आणि तेच योग्य. आणखी चांगली पद्धत म्हणजे पुढच्या भागातल्या चिरा आधीच करून ठेवायच्या. ग्राफ्ट काढेपर्यंत त्या चिरांतलं रक्त थांबतं, मग भराभर लावता येतात आणि शेजारचा ग्राफ्ट वर उसळून येत नाही. लावताना रक्त वाहत असेल तर एक आत ढकलला की बाजूचा बाहेर येतो. तो परत बसवायचा, परत चिमटा. तीनदा चिमटलेल्या ग्राफ्टचा भरवसा नाही.

भूलतज्ज्ञ_दोन

या धाग्यावर सगळे केसांविषयी बोलताहेत, मी माणसाविषयी बोलतो. केशरोपणात जीव जाण्याचा धोका आहे तो मुख्यतः भुलीच्या औषधाच्या मात्रेत आणि ॲलर्जीत, आणि या दोन्हींसाठी तयारी करता येते.

लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध साधं असेल तर किलोला ४.५ मिग्रॅ., जास्तीत जास्त ३००. ॲड्रेनालिनसह किलोला ७ मिग्रॅ., जास्तीत जास्त ५००. धाग्यातला माणूस ७० किलोचा, म्हणजे ४९० मिग्रॅ. दोन टक्क्यांच्या द्रावणात मिलीला २० मिग्रॅ. असतं. भागून बघा : साडेचोवीस मिली. बाजारात मिळणारी नेहमीची कुपी ३० मिलीची असते, तीत ६०० मिग्रॅ. भरतं. एक कुपी पूर्ण टोचली की मर्यादा ओलांडली! मागचा भाग, पुढचा भाग, मधे दुखलं म्हणून थोडं, असं करत दुसरी कुपी कधी उघडली हे हिशोब न ठेवणाऱ्याला कळत नाही. त्यात लांब टिकावं म्हणून बुपिव्हॅकेन हे दुसरं बधिर करायचं औषध मिसळतात. त्याची मर्यादा किलोला २ मिग्रॅ. आणि त्याचा विषार थेट हृदयावर. दोन्ही दिली तर मर्यादा वेगवेगळ्या मोजायच्या नसतात. एकाची अर्धी वापरली असेल तर दुसऱ्याचीही अर्धीच उरते.

मात्रा कमी ठेवायचे रस्ते आहेत. भुवयांच्या वर सुप्राऑर्बिटल आणि सुप्राट्रॉक्लियर, मागे ऑक्सिपिटल, या नसांना ब्लॉक दिला तर थोड्या औषधात मोठा भाग बधिर होतो. औषध एक टक्क्यावर किंवा त्याखाली पातळ करायचं. त्वचा फुगवायला ट्युमेसंट (खूप पातळ केलेलं औषध) वापरायचं असेल तर त्यातलं लिग्नोकेनही बेरजेत धरायचं. भिंतीवर फळा हवा : वेळ, औषध, मिली, एकूण मिग्रॅ.

ओठाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, बोलणं अडखळणं : इथेच थांबायचं. पुढची पायरी झटके. खोलीत ऑक्सिजन, अंबू बॅग (हाताने श्वास देणारी पिशवी), ॲड्रेनालिन आणि या विषारावरचा उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन असलं पाहिजे. लिपिडचा पहिला डोस किलोला दीड मिली. '४००० ग्राफ्ट एका दिवसात' याचा अर्थ दिवसभरात पुन्हा पुन्हा टोचणं, म्हणून दोन बैठका किंवा दोन लागोपाठचे दिवस, याला माझं मत.

नागपुरी_संत्री

भूलतज्ज्ञ साहेब, हा प्रतिसाद कापून जपून ठेवावा असा आहे. कुपीचं गणित कोणी कधी सांगितलं नव्हतं.

अक्कलकाढा

मात्रेचा मुद्दा मान्य. लागोपाठ दोन दिवस, पहिल्या दिवशी २२००, दुसऱ्या दिवशी १८००, ही तडजोड मला चालेल. औषध मधल्या रात्रीत उतरतं आणि दुसऱ्या वेळच्या वणाचा प्रश्नही येत नाही.

कृष्णाकाठ

एफयूटीचं नाव कोणीच काढलं नाही. मागून २०-२५ सेंमी लांब आणि एक-सव्वा सेंमी रुंद पट्टी काढायची, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली कापून युनिटं वेगळी करायची, जखम शिवायची. यात मुळं डोळ्यांसमोर कापली जातात म्हणून तुटतात कमी. एफयूईत, म्हणजे एकेक युनिट पंचाने काढायच्या पद्धतीत, पंच आंधळा चालतो. त्वचेवर केस एका कोनात दिसतो आणि आत गेल्यावर वळतो. ०.८ ते १ मिमीचा पंच त्या वळणावर मुळालाच कापतो. कुरळ्या केसांत तर केस आत कोयत्यासारखा वाकलेला असतो. तुटण्याचं प्रमाण शंभराला पाचच्या आत हवं. पहिले पन्नास-शंभर काढून बघायचे, जास्त तुटत असतील तर पंच, कोन, खोली बदलायची. तरीही तुटत राहिले तर थांबायचं.

एफयूटीचा तोटा म्हणजे मागे आडवा वण. टाळू सैल असेल आणि वरची कड तिरकी छाटून केस वणातून उगवतील असं शिवलं तर रेघ बारीक राहते. ताण देऊन शिवलं तर सेंटिमीटरभर रुंद पांढरा पट्टा पडतो. एकदम बारीक केस कापणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पण एफयूईचे ठिपकेही 'वण नाही' या सदरात मोडत नाहीत. गोट्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात.

मधुमालती

आणि 'डीएचआय', 'सफायर' ही नावं ऐकून घाबरू नका किंवा भुलू नका. पहिल्यात ग्राफ्ट पोकळ सुईच्या पेनातून लावतात, दुसऱ्यात चीर नीलमणी पात्याने करतात. काढण्याची पद्धत एफयूईचीच.

पगडी_पेठ

अवांतर, पण या धाग्यावर पुण्याची आठवण निघायलाच हवी. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका वैद्याने १७९३ च्या सुमारास त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक तयार केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधली एक पट्टी जोडलेली ठेवून खाली वळवली. जखमेवर पाण्यात कालवलेल्या काताची पट्टी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापली. कंपनीच्या डॉक्टरांनी ते बघितलं, चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया केली. त्या कुंभाराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्वचावैद्यक_मिरज

पगडी, अवांतर नाही हो. त्या जोडपट्टीतून नाकाला रक्त मिळत होतं, म्हणून पंचवीस दिवस ती कापली नाही. केसाच्या ग्राफ्टला अशी पट्टी नसते. पहिले दोन-तीन दिवस तो आजूबाजूचा रस शोषून जगतो, मग बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात.

यावरूनच दाटीची मर्यादा येते. एका सेंटिमीटरला ५० च्या वर चिरा घातल्या, त्या खोल गेल्या, वर ॲड्रेनालिन जास्त टोचलं, आणि माणूस सिगारेट ओढणारा किंवा साखर वाढलेला असेल, तर खालच्या रक्तवाहिन्या कापल्या जाऊन त्वचाच मरते. बहुतेक वेळा टाळूच्या मधोमध, पुढच्या तिसऱ्या भागात. पहिल्या दिवसा-दोन दिवसांत तो भाग काळसर-निळा पडतो, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत येत नाही, नंतर काळी जाड खपली धरते. खपली पडल्यावर गुळगुळीत वण. म्हणून एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आधी तपासायचं आणि तंबाखू, सिगारेट आधी दोन आठवडे व नंतर दोन आठवडे बंद. हे ऑपरेशन तातडीचं नसतं, साखर आटोक्यात येईपर्यंत थांबता येतं.

चिरेची खोली ग्राफ्टच्या लांबीएवढी, म्हणजे ४ ते ६ मिमी. जास्त खोल गेला तर ग्राफ्ट आत बुडून गाठ होते किंवा त्या जागी खळगा पडतो. वर राहिला तर बरं झाल्यावर डोकं खडबडीत लागतं, हात फिरवला की फणसाच्या सालीसारखं. ग्राफ्टचं टोक त्वचेच्या पातळीला, फार तर केसभर वर.

नागपुरी_संत्री

पुढची रेषा कुठे आखायची यावर कोणी लिहा ना. तरुण पोरं नटाचा फोटो घेऊन जातात.

कृष्णाकाठ

भुवयांच्या मधून वर मोजा : प्रौढ पुरुषात ७ ते ९ सेंमी. भुवया उचलल्यावर कपाळावर जी सगळ्यात वरची आठी पडते तिच्याही वर रेषा हवी. रेषा साधारण १५ सेंमी लांब असते. ती एक सेंटिमीटर खाली आणली तर १५ चौ. सेंमी. वाढले, दर सेंटिमीटरला ४० म्हणजे ६०० ग्राफ्ट गेले. ते भोवऱ्याच्या वाट्याचे होते. आणि पंचेचाळिशीत मागचं टक्कल वाढल्यावर पुढे केसांची भिंत आणि मागे मोकळं मैदान असं दिसतं. पंचविशीच्या आतल्याला बहुतेक जाणकार सर्जन थांबवतात ते यासाठीच.

पहिल्या दोन-तीन ओळीत एक केसाचेच ग्राफ्ट, ओळ वाकडीतिकडी, त्याच्या पुढे इकडेतिकडे एकेक सुटा केस. कोन पुढे १५-२० अंश, कल्ल्यांच्या बाजूला आणखी झोपलेला. तीन केसांचा ग्राफ्ट पुढच्या ओळीत बसला की बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके दिसतात. भोवऱ्यावर मूळ चक्राची दिशा धरायची. ते उलटं लावलं तर कंगवा कधीच नीट फिरत नाही.

शेवंतीची_वेणी

बायकांचं काय? भांग रुंद होत चाललाय.

त्वचावैद्यक_मिरज

शेवंतीताई, आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, आणि पाळी अनियमित असेल तर हार्मोन्स. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी झडणारे केस बहुधा आपोआप येतात, त्याला शस्त्रक्रिया नको. भांग रुंद होणाऱ्या प्रकारात अनेकींचा मागचा भागही पातळ असतो, म्हणून उमेदवार कमी. मात्र जन्मतः मोठं कपाळ, भाजल्याचा वण, किंवा घट्ट वेण्या बांधून कानशिलाचे गेलेले केस, यात रोपण छान बसतं. कोडाच्या डागावरचे केस पांढरे झाले असतील तर तिथे लावलेल्या काळ्या केसाच्या मुळातून रंग त्वचेवर पसरतो, हाही एक उपयोग आहे. पण कोड किमान वर्षभर स्थिर हवं.

दुबईकर_देशपांडे_नाही

आखातातले खूप जण इस्तंबूलला जातात. तीन दिवसांचं पॅकेज, हॉटेलसकट.

भूलतज्ज्ञ_दोन

इस्तंबूल असो की आपलं गाव, विचारायचं तेच : पंच कोण मारणार, चिरा कोण करणार, भूल कोण देणार? ही तीन कामं डॉक्टरची. ग्राफ्ट मोजणं, ठेवणं, तयार चिरेत बसवणं हे प्रशिक्षित सहायक करू शकतो. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून हे काम करता येणार नाही, रीतसर प्रशिक्षण लागतं, आणि आयसीयू जवळ किंवा तसा करार असलेलं ठिकाण लागतं. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत बघता येतो. संमतिपत्रावर ऑपरेशन करणाऱ्याचं नाव छापील हवं, मोकळी रेघ नको.

परदेशातून तिसऱ्या दिवशी विमानात बसणाऱ्याची सूज वाटेत डोळ्यांवर उतरते, आणि दहाव्या दिवशी पू झाला तर दाखवायचं कोणाला, हाही प्रश्न असतो.

अक्कलकाढा

फिनास्टेराइडवर, म्हणजे टक्कल रोखायच्या गोळीवर, काही बोलूया का? ती गोळी घेतली की पुरुषत्व जातं, म्हणून लोक थेट रोपणाकडे वळतात.

त्वचावैद्यक_मिरज

चाचण्यांतले आकडे असे : १ मिग्रॅ. घेणाऱ्यांत लैंगिक तक्रार ३.८ टक्क्यांना, खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्क्यांना. बहुतेकांची गोळी थांबवल्यावर गेली. काहींची टिकते असं नोंदलेलं आहे, आणि युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम मान्य केला आहे. तेव्हा नैराश्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मन खालावलं तर गोळी बंद करून लगेच दाखवा. गरोदर बाईने तुटलेली गोळी हाताळू नये. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए तपासत असाल तर ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण आकडा जवळजवळ निम्मा येतो आणि दुखणं लपून राहू शकतं.

रोपण केलं म्हणून औषधं सुटत नाहीत. लावलेला केस टिकतो, आजूबाजूचा मूळचा केस जातच राहतो. दहा वर्षांनी बेटं उरतात. ज्याला फिनास्टेराइड नको त्याने निदान मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध, ५ टक्के, दिवसातून दोनदा १ मिली, हे तरी धरावं. सुरुवातीच्या महिना-दीड महिन्यात केस जास्त गळतात, घाबरून बंद करू नये. घरात मांजर असेल तर फार जपा. मिनॉक्सिडिल चाटलं तर मांजर दगावू शकतं.

तरवा_रत्नागिरी

आणि पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात ते?

मधुमालती

तरवादादा, महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा देतात, काहींचे केस जाड होतात. पण रक्त किती फिरवायचं, प्लेटलेट किती पट करायच्या, यावर एकवाक्यता नाही. जोड म्हणून ठीक, रोपणाला पर्याय म्हणून विकत असतील तर नको.

ओटी_सिस्टर

नंतरचं लिहिते, कारण फोन यावरच येतात.

पहिले तीन दिवस दर दोन-तीन तासांनी सलाइनचा फवारा. झोप पाठीवर, डोकं ३०-४५ अंश वर, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरते. कपाळावर पट्टी बांधली आणि डोकं वर ठेवलं तर कमी येते. बर्फ कपाळावर चालतो, ग्राफ्टवर नाही. धुणं तिसऱ्या दिवसापासून : बेबी शाम्पूचा फेस हाताने ठेवायचा, मगातून पाणी सोडायचं, घासायचं नाही. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट घट्ट बसलेला असतो. त्यानंतर खपल्या फेसात भिजवून बोटाच्या पेराने गोल फिरवून काढायच्या. खपली आधी ओढली तर ग्राफ्ट बरोबर येऊ शकतो. तसं झालं आणि टिपूसभर रक्त आलं तर तो गेला असं समजा.

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस झडतात. टोकाला पांढरं दिसतं म्हणून लोक रडकुंडीला येतात. ते केसाचं टोक आहे, मूळ आतच असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडे केस वर येतात, तेव्हा पुटकुळ्याही येतात. दोन-चार असतील तर कोमट पाण्याचा शेक, एकदम बऱ्याच आल्या आणि पू असेल तर दाखवा. सहाव्या महिन्यात निम्म्याहून जास्त दिसतं, बाराव्या महिन्यात खरा निकाल. भोवऱ्याला दीड वर्ष. सहाव्या महिन्यात 'दाट नाही' म्हणून दुसरी बैठक ठरवू नका.

पश्चिमघाट

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत थोडं बदललंय. मागची घनता मोजून ८० च्या वर आली, साखर आणि तंबाखू नाही, आणि तेच तेच दोन डॉक्टर दोन्ही दिवस असतील, तर अक्कलकाढा यांनी सुचवलेले लागोपाठ दोन दिवस चालतील. घनता ७० च्या आसपास असेल तर पहिल्यांदा २५००, तेही पुढच्या आणि मधल्या भागालाच. भोवरा औषधांवर ठेवून वर्ष-दीड वर्षाने बघायचा. भोवऱ्याला घाई केली आणि टक्कल त्याच्याभोवती वाढलं तर मधे केसांचं बेट आणि भोवती रिकामं कडं राहतं, ते भरायला मग मागे काही उरत नाही. घनता ६० च्या खाली असेल तर ४००० हा आकडा टेबलावर येऊच नये. २००० मधे पुढची चौकट बांधायची, लागले तर हनुवटीखालचे दाढीचे केस मधल्या भागात मिसळायचे. ते जाड असतात, पुढच्या ओळीत शोभत नाहीत.

एका दिवसात ४००० ला मात्र माझं उत्तर नाहीच. भूलतज्ज्ञांच्या कुपीने तो प्रश्न मिटवला.

नागपुरी_संत्री

शेवटचं विचारतो : हेल्मेट कधीपासून? आणि गणपतीतला गुलाल?

ओटी_सिस्टर

हेल्मेट दोन आठवड्यांनी, तेही सैल आणि आतून स्वच्छ. घालताना पुढून मागे ओढायचं नाही, दोन्ही बाजू फाकवून सरळ वरून ठेवायचं. तोपर्यंत रिक्षा. गुलाल, विहिरीत पोहणं आणि नागपूरचं दुपारचं ऊन महिनाभर नको. मिरवणुकीला जायचंच असेल तर सैल सुती टोपी दहाव्या दिवसानंतर चालते.